वचन नसलेली श्रेणी

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे ‘पूर्णांक’ म्हणत. बाकीचे लोक ‘तीन नऊ’, ‘चार नऊ’ असं घाईत बोलून मोकळे व्हायचे. हे गृहस्थ मात्र प्रत्येक वेळी ‘नव्व्याण्णव पूर्णांक नऊ टक्के’ असं, शाळेत उभं राहून पाढा म्हणावा तसं, सबंध म्हणायचे. मी अकरा वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसले. माझं काम ग्राहकांचे फोन घेण्याचं. त्यांचं काम, कुठल्या ग्राहकाला कसलं वचन द्यायचं आणि त्या वचनाचा दर काय लावायचा, हे ठरवण्याचं.

आमची कंपनी कॉम्प्युटर भाड्याने देते. शहराबाहेरच्या एका बिनखिडक्यांच्या इमारतीत हजारो यंत्रं घुमत असतात, आणि लोक आपापल्या जागी बसून त्यांतला हवा तेवढा वाटा वापरतात. यालाच क्लाउड म्हणतात. पूर्णांकांनी एकदा आपल्या आईला हे समजावून सांगितलं. म्हातारीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग नेलेले कॉम्प्युटर लोक वेळेवर परत आणून देतात का?” हे मला सांगताना ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्यांना असं हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

बावन्न वर्षांचे होते. लग्न केलं नव्हतं. घरी ते आणि आई. सहा वर्षांनी मोठी बहीण, तिचं बिऱ्हाड चार स्टॉप पलीकडे. तिला ते ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणायला लागले.

“टक्क्यांनी माणसाला काही कळत नाही,” असं ते नव्या लोकांना शिकवताना सांगायचे. “मिनिटं सांगा, मग बघा कसं चटकन कळतं.” नव्व्याण्णव पूर्णांक नऊ टक्के म्हणजे महिन्यातून त्रेचाळीस मिनिटं यंत्र बंद पडलं तरी कंपनीने शब्द पाळला असं धरायचं. नव्व्याण्णव पूर्णांक नव्व्याण्णव म्हणजे जेमतेम चार मिनिटं. जेवढी मिनिटं कमी, तेवढा दर चढा.

श्रेण्या तीन होत्या. भक्कम, मध्यम आणि लवचिक. ‘लवचिक’ हे नाव जाहिरातवाल्यांनी शोधलेलं. आम्ही आपसात तिला ‘उरलंसुरलं’ म्हणायचो. दर भक्कमच्या पावपटीहून कमी. अट एवढीच, की भक्कमवाल्यांना यंत्रं कमी पडली तर दोन मिनिटांची सूचना देऊन तुमचं यंत्र काढून घेतलं जाईल. या श्रेणीला वचन नव्हतंच. करारात टक्केवारीच्या रकान्यात ‘लागू नाही’ असं छापलेलं असायचं. ते शब्द पूर्णांकांचेच.

ताई तीस वर्षं नर्स होत्या. नोकरी सोडल्यावर त्यांनी एक छोटा उद्योग काढला. एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात एक बटण. पडलं-झडलं, छातीत दुखलं, तर ते दाबायचं. ताईंच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात घंटा वाजायची, पडद्यावर नाव यायचं, आणि त्या किंवा त्यांच्याकडच्या दोघी बायका जवळच्या शेजाऱ्याला फोन लावायच्या, लागलीच तर अॅम्ब्युलन्स धाडायच्या. एकशे साठ म्हातारे होते त्यांच्याकडे. बहुतेक पेन्शनवर जगणारे.

बटणापासून घंटेपर्यंत जो निरोप जातो, तो कुठल्यातरी कॉम्प्युटरमधून जावा लागतो. ताईंनी भावाला विचारलं आणि भावाने आमच्याच कंपनीची लवचिक श्रेणी सुचवली.

“काढून घेतलं तर?” ताईंनी तेव्हाच विचारलं होतं.

“एक काढलं की दोन मिनिटांत दुसरं मिळतं. आमच्या यंत्रांच्या हॉलमध्ये शंभरातली तीस यंत्रं कायम रिकामी असतात. काही होत नाही.”

ते खोटं बोलले नव्हते. तेव्हा खरोखरच तीस रिकामी असायची. चार वर्षं ताईंचं काम सुरळीत चाललं. पोहण्याच्या तलावावरचे एक निवृत्त मास्तर होते त्यांच्याकडे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे, मुलगी परदेशात. हे मास्तर रोज सकाळी आठला मुद्दाम बटण दाबायचे, आणि ताईंनी फोन केला की म्हणायचे, “जिवंत आहे हो बाई, हजेरी मांडा.” ताई रागवायच्या, की हे खेळणं नाही. पण एखाद्या दिवशी आठ वाजून गेले तर स्वतःच घड्याळाकडे बघत बसायच्या.

मग आमच्याकडे नव्या मॅडम आल्या, पूर्णांकांच्या वरच्या. वाईट बाई नव्हती. हुशार होती, कामाला वाघ होती. तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं, की तीस टक्के यंत्रं रिकामी ठेवून आपण वीज कशाला जाळतो? तीही विकली तर सगळ्यांचेच दर उतरतील. प्रश्न रास्त होता. किती रिकामी ठेवली म्हणजे पुरे, हे काढून द्यायला पूर्णांकांना सांगितलं गेलं.

त्यांनी तीन आठवडे खपून उत्तर काढलं, आठ. आठ टक्के ठेवली तर भक्कमवाल्यांचं वचन कधीच मोडणार नाही. मध्यमवाल्यांचं क्वचित. लवचिकवाल्यांना वर्षातून एकदोनदा बऱ्याच वेळापुरतं काहीच मिळणार नाही. पण त्यांना आपण तसं कुठे काही कबूल केलंय?

बैठकीत ते एवढंच बोलले, की लवचिकमध्ये काही ग्राहक असे आहेत, ज्यांचं यंत्र असं काढून घेणं बरं नाही.

“कोण?” मॅडमनी विचारलं. “नाव सांगा, बघू आपण.”

पूर्णांकांनी समोरचा कागद उलटा ठेवला. मग म्हणाले, “तपासून सांगतो.”

खाली येऊन त्यांनी हे मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, “अहो, सांगायचं होतंत ना ताईंचं.”

“सख्ख्या बहिणीचं नाव कुठल्या तोंडाने घेऊ? उद्या दुसरा कुणी आपल्या मेव्हण्याचं नाव घेऊन आला, तर मीच त्याला परत पाठवीन.”

आणि त्यांनी आठ टक्क्यांच्या कागदावर सही केली. हे बाहेर कुठे बोलायचं नाही, अशी दुसरी सही सगळ्यांबरोबर त्यांनाही करावी लागली.

त्याच रविवारी ते ताईंकडे गेले आणि म्हणाले, की मध्यममध्ये ये, नाहीतर सरळ भक्कममध्ये. ताईंनी दर विचारला. मग विचारलं, “का रे? काही होत नाही म्हणाला होतास ना?”

“तरी पण. बरं असतं.”

“चौपट दर लावला तर निम्मे लोक बटण परत करतील. मग ते पडले तर कुणाला हाक मारतील?”

“फरक मी भरतो.”

“भावाच्या पगारावर धंदा चालवायचा असता तर तो कशाला काढला असता? बघू पुढच्या वर्षी.”

पूर्णांकांनी पुढे रेटलं नाही. मला सोमवारी सांगताना म्हणाले, “सांगितलं मी तिला.” माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी.

त्यानंतर चार महिने काहीही झालं नाही. मॅडमचं खरं ठरलं, दर उतरले, ग्राहक वाढले. पूर्णांकांना कौतुकाचं एक पत्र मिळालं. ते त्यांनी खणात टाकलं.

मग एक मंगळवार. दुपारी सव्वादोन वाजता आमच्या एका मोठ्या ग्राहकाने सामन्यांची तिकिटं विकायला काढली. लाखो लोक एकदम तुटून पडले. नियमाप्रमाणे यंत्रणेने भक्कमवाल्यांसाठी जागा करायला घेतली. आधी ती आठ टक्के भरली, आणि मग लवचिकमधली यंत्रं एकामागून एक निघायला लागली. दोन वाजून वीस मिनिटांनी एकही उरलं नाही. कुणी काही चुकीचं केलं नव्हतं. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

पूर्णांक त्या वेळी वरच्या मजल्यावर बैठकीत होते. फोन टेबलावर विसरले होते. मी माझ्या फोनवर तिकिटवाल्यांशी बोलत होते, आणि शेजारी त्यांचा फोन थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत सरकत होता. पडद्यावर ‘ताई’. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. सात वेळा. एकदा तो खाली पडू नये म्हणून मी हाताने मागे ढकलला. उचलला नाही. दुसऱ्याचा फोन, घरचं काहीतरी असेल, असं वाटलं. लवचिकवाल्यांना आमचा फोन नंबर देतच नाही आम्ही. त्यांनी मेल करायचा, दोन दिवसांत उत्तर मिळतं. ताईंना दुसरा रस्ताच नव्हता.

तिकडे ताईंच्या पडद्यावर एकशे साठ नावं एकदम करडी झाली होती. भाऊ फोन उचलत नाही म्हटल्यावर त्या आणि त्या दोघी यादी घेऊन बसल्या आणि एकेकाला फोन करून ‘ठीक आहात ना’ विचारायला लागल्या. वर्णमालेप्रमाणे. पण म्हातारी माणसं फोन कुठे लवकर ठेवतात? कुणाला गुडघ्याबद्दल सांगायचं होतं, कुणाला सुनेबद्दल. एका आजींनी बरण्या कशा धुतल्या ते सांगितलं. ‘ठेवा आता’ असं तोंडावर म्हणायचं ताईंना आयुष्यात कधी जमलं नव्हतं, त्या दिवशीही जमलं नाही.

मास्तरांचं नाव यादीत शेवटाकडे होतं.

तीन वाजून सात मिनिटांनी तिकिटं संपली, यंत्रं मोकळी झाली, ताईंचा पडदा पुन्हा उजळला. सत्तेचाळीस मिनिटं. कुणाचीच घंटा वाजली नाही, तसं त्यांना हायसं वाटलं. तरी त्यांनी यादी सोडली नाही. साडेचारला मास्तरांचा नंबर लावला. नुसती रिंग. पुन्हा लावला. शेजारी गावाला गेलेले. ताई होत्या तशाच रिक्षात बसल्या, तीन जिने चढल्या, आणि आपल्याकडे ठेवलेल्या किल्लीने दार उघडलं.

मास्तर न्हाणीघराच्या उंबऱ्यावर आडवे होते. खुब्याचं हाड मोडलेलं, अंगाखाली पाणी, नळ तसाच वाहत होता. बटण मुठीत धरलेलं. शुद्ध नव्हती, श्वास होता.

ते बटण स्वतःजवळ नोंद ठेवतं, पण हुकलेला निरोप आपणहून पुन्हा धाडत नाही. दोन बावीसपासून तीन वाजून तीन मिनिटांपर्यंत ते एकतीस वेळा दाबलं गेलं होतं. त्यानंतर नाही. आणखी चार मिनिटं त्यांची शुद्ध टिकली असती, तर बत्तीसाव्यांदा दाबल्यावर घंटा वाजली असती.

नऊ दिवस दवाखान्यात होते. मुलगी आली तेव्हा तिला ओळखलं त्यांनी, असं म्हणतात. दहाव्या दिवशी गेले. वेळेवर मदत मिळाली असती तर वाचले असते का, असं ताईंनी डॉक्टरांना विचारलं. “सांगता येत नाही,” डॉक्टर म्हणाले. ताई स्वतः तीस वर्षं नातेवाइकांना हेच वाक्य सांगत आल्या होत्या.

मी दुसऱ्याच दिवशी पूर्णांकांना सांगून टाकलं, की फोन वाजत होता आणि मी उचलला नाही. ते म्हणाले, “दुसऱ्याचा फोन. तू तरी काय करणार?” एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मला जरा बरं वाटलं असतं.

महिनाअखेरीला सेवेचा अहवाल करायचं काम त्यांचंच. भक्कम, शंभर टक्के. मध्यम, ठरल्यापेक्षा बरी. लवचिकच्या रकान्यात ‘लागू नाही’ लिहायचं असतं. तिथे त्यांनी लिहिलं, सत्तेचाळीस मिनिटं, एकतीस हाका, एक मृत्यू.

मॅडमनी बोलावलं. दार उघडंच होतं, मला ऐकू आलं.

“मला वाईट वाटतंय,” मॅडम म्हणाल्या. “खरंच वाटतंय. पण हे इथे बसत नाही. जे वचन दिलंच नाही, ते मोडलं कसं म्हणता येईल?”

“मोडलं नाहीच म्हणतोय मी. झालं तेवढं लिहिलंय.”

“ती बटणवाली ग्राहक तुमची बहीण आहे, हे मला आज दुसऱ्याकडून कळतंय.”

“हो.”

“मी विचारलं होतं तुम्हाला. नाव सांगा म्हटलं होतं.”

ते कागद उचलून बाहेर आले. अहवाल ‘लागू नाही’ असाच गेला.

मग त्यांनी चौथ्या श्रेणीचा प्रस्ताव लिहिला. ज्यांच्या कामावर कुणाचा जीव अवलंबून आहे अशांसाठी. दर लवचिकपेक्षा थोडा जास्त, पण यंत्र कधीच काढून घ्यायचं नाही. दोन महिने घरी बसून केलेलं काम. बैठकीत त्यावर तीन प्रश्न आले. जीव अवलंबून आहे हे कुणी ठरवायचं? उद्या सगळेच तसं म्हणतील, तेव्हा काय? आणि असं वचन दिलं आणि एखाद्या दिवशी यंत्र खरोखरच बंद पडलं, तर कोर्टात कोण उभं राहणार? पूर्णांकांकडे तिन्हींची उत्तरं होती, पण ती त्यांची त्यांनाच पटत नव्हती, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. अकरा मिनिटांत विषय संपला.

अगदीच वाया गेला नाही तो प्रस्ताव. वकिलांनी त्यातून एक ओळ उचलली आणि लवचिकच्या करारात ठळक अक्षरांत टाकली: ज्या सेवांवर मानवी जीवन अवलंबून आहे अशा सेवांसाठी ही श्रेणी वापरू नये. ओळ टाकल्यावर जुन्या ग्राहकांना नोटिसा गेल्या, तीस दिवसांत जागा खाली करा. अशा ग्राहकांची यादी प्रस्तावाला जोडलेलीच होती, पूर्णांकांनी स्वतः केलेली. बावीस नावं. या खेपेला त्यांनी ताईंचं नाव लपवलं नव्हतं, सगळ्यात वर घातलं होतं.

नोटीस पोचली त्या संध्याकाळी ते ताईंकडे गेले. ताई जमिनीवर बसून पाकिटं फोडत होत्या. मास्तरांचं कळल्यापासून लोकांनी बटणं पोस्टाने परत पाठवायला सुरुवात केली होती. एकेक बटण काढायचं, नाव खोडायचं, डब्यात टाकायचं. हे सगळं पूर्णांकांनी मला पुढे बऱ्याच दिवसांनी सांगितलं, एकेक वाक्य आठवून.

ते म्हणाले, “ताई, ते आठ टक्के मी काढले होते.”

“कसले आठ टक्के?”

त्यांनी समजावून सांगितलं. ताईंचे हात थांबले नाहीत.

“म्हणजे असं होणार, हे तुला ठाऊक होतं?”

“होईल एखाद वेळी, एवढं ठाऊक होतं.”

“कधीपासून?”

“चार महिने आधीपासून.”

“मग बोलला का नाहीस?”

“बोललो होतो. मध्यममध्ये ये म्हणून.”

“तू दर सांगितलास,” ताई म्हणाल्या. “कारण नाही सांगितलंस.”

“सही केली होती मी, बाहेर बोलायचं नाही म्हणून.”

ताईंनी हातातल्या पाकिटावरचं नाव वाचलं, बटण काढलं, डब्यात टाकलं. “जेवून जाणारेस का?” त्यांनी विचारलं. सवयीने निघालं असावं तोंडातून. ते नको म्हणाले. दाराशी आल्यावर मागे वळून बघितलं, तर ताई पुढचं पाकीट फोडत होत्या. भांडण झालंच नाही. त्यानंतर त्यांचा फोनही आला नाही.

मास्तरांच्या मुलीचं पत्र माझ्याकडे आलं. तिने पैसे मागितले नव्हते. त्या सत्तेचाळीस मिनिटांत नेमकं काय झालं, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. उत्तराचा मजकूर वकिलांकडून तयार आला. मी खाली नाव घालून पाठवायचं होतं. पाठवण्याआधी पूर्णांकांना दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत वाचला. “यात चूक काहीच नाही,” म्हणाले, आणि कागद मला परत दिला. मी पाठवला. तिचं पुन्हा काही आलं नाही.

त्यांनी राजीनामा दिला असेल असं लोकांना वाटतं. नाही दिला. आईचं औषधपाणी होतं, वय पंचावन्नाकडे चाललेलं, दुसरीकडे कोण घेणार? रोज नऊला यायचे, सहाला जायचे. नव्या लोकांना शिकवायचं काम सोडून दिलं. कुणी टक्केवारी विचारली तर कागदावर लिहून द्यायचे.

दोन वर्षांनी दर ठरवायचं काम एका प्रोग्रॅमकडे गेलं. तो दर पाच मिनिटांनी मागणी बघतो आणि भाव बदलतो. त्याला शिकवायला पूर्णांकांची जुनी कागदपत्रं वापरली, आणि सहा महिने ते स्वतः त्याच्या चुका दाखवत बसले. चुका संपल्या तसं त्यांचंही काम संपलं. निरोपाला आम्ही सात जण होतो. त्यांनी भाषण केलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मी एका गुरुवारी दुपारी त्यांच्या घराकडे निघाले होते. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी बस डेपोची एक शेड आहे. तिथल्या बाकावर ते बसलेले दिसले. स्वेटर, मफलर, हातात रिकामी पिशवी. मला वाटलं, कुठे निघालेत. मी शेजारी बसले.

“घरीच येत होते तुमच्याकडे. चला ना.”

“आत्ता नको. पाच वाजल्यावर जाऊ.”

“का हो?”

त्यांनी समोर येणाऱ्या बसचा नंबर वाचला. मग म्हणाले, “ताई येते गुरुवारी, आईला भेटायला. मी ऑफिसला असायचो तेव्हा तिला बरं पडायचं. आता मी दिवसभर घरात. मग मी तीनला बाहेर पडतो. तिला सांगितलं नाही कुणी, पण तिला कळलंय.”

“आणि आई?”

“आई म्हणते, तुम्ही दोघं एकदम का दिसत नाही कधी. मी म्हणतो, तिच्या कामाच्या वेळा तशा आहेत.”

ताई सध्या कुठे काम करतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. आईला विचारलं तर आईला सांगता येत नाही. खाटेशेजारी कधी फळं ठेवलेली असतात, कधी नवा टॉवेल. एवढ्यावरून ती येऊन गेल्याचं कळतं.

“किती दिवस असं चालणार?” मी विचारलं.

“आई आहे तोवर.”

मी थर्मासमधला चहा झाकणात ओतून त्यांना दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, प्यायले नाहीत. गल्लीतून एक बाई येताना दिसली तसे ते चटकन उठून खांबाआड सरकले. जवळ आल्यावर दिसलं, की कुणी भलतीच होती. ते परत येऊन बसले. चहा निवून गेला होता. माझी बस आली, सुटली. मी बसून राहिले, आणि पाच वाजायला अजून बराच वेळ होता.